रात्रीं आलेला शिष्य
विश्वास उघडपणें आचरण्याविषयीं मंडळ्यांसाठीं पाठ

वाचावयाचे उतारे : योहान ३:१–१५, ७:४५–५२, १२:४२, ४३, १९:३८–४२. मत्तय ५:१४–१६; ६:१–६. २ राजे ५:१–१९.



मागच्या दसऱ्याच्या सुमारास, ऊसतोडणीच्या टोळ्या निघावयाच्या आधीं, एका खेड्यांतील उपदेशक आमच्याकडे आले व त्यांनीं एक प्रश्न आमच्यापुढें ठेविला. त्यांच्या मंडळींतील एक कुटुंब दरवर्षीं टोळीबरोबर दूरच्या कारखान्यावर जातें. नवरा व बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत पांच सहा महिने परक्या मुलखांत, उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहावयाचें. टोळींत ख्रिस्ती घर हें एकच. तो गृहस्थ उपदेशकांस म्हणाला, “मास्तर, गांवांत असतों तेव्हां आम्ही देवळांत येतों, प्रभुभोजन घेतों. पण टोळींत मी कोणास कांहीं सांगत नाहीं. विश्वास मनांत ठेवितों. देव मन पाहातो ना? मग ह्यांत पाप तें काय?”

उपदेशकांनीं त्यास घाईनें उत्तर दिलें नाहीं, हें आम्हांस बरें वाटलें. ज्याला दुसऱ्या दिवशीं पहांटे परक्याच्या ट्रकमध्यें बिऱ्हाड भरावयाचें आहे, त्याला आपल्या ओसरीवर बसून धीट होण्याचा उपदेश करणें सोपें असतें. म्हणून आम्ही दोघांनीं पवित्र शास्त्र उघडून हा प्रश्न नीट शोधला. त्या शोधांतून हा पाठ तयार झाला आहे. हाच प्रश्न थोड्याफार फरकानें आपणां सर्वांचा आहे.

१. निकदेमाच्या तीन भेटी

योहानाच्या शुभवर्तमानांत निकदेम तीन वेळां दिसतो. हे तीन उतारे एकापुढें एक वाचावे, म्हणजे एका भित्र्या माणसाची वाटचाल डोळ्यांपुढें उभी राहाते.

पहिल्यानें तो रात्रीं येतो. तो परूशी, लोकांचा अधिकारी व शास्त्राचा गुरु होता. त्याला गमवावयाचें पुष्कळ होतें. आतां हें पाहा कीं, प्रभूनें त्यास ‘दिवसा ये’ असें सांगून परत लाविलें नाहीं. त्यास जवळ बसविलें आणि नव्या जन्माची खोल शिकवण ह्या एकट्या, भ्यालेल्या माणसास दिली. उपदेशकांनीं ही गोष्ट मनांत जपून ठेवावी. ज्याच्या अंतःकरणांत नुकतेंच तांबडें फुटूं लागलें आहे, जो दिवेलागण झाल्यावर मागच्या दारानें येऊन एखादें पुस्तक मागतो, त्यास लाजवूं नये. पुस्तक द्यावें, पाणी द्यावें, आणि त्याचें नांव चारचौघांत घेऊं नये. रात्रीं येणें हा दोष नव्हे.

दुसऱ्यानें तो न्यायसभेंत दिसतो. प्रभूस धरावयास पाठविलेले शिपाई रिकाम्या हातांनीं परत आले, तेव्हां मुख्य याजक व परूशी संतापले. त्या वेळीं निकदेमानें इतकेंच विचारिलें कीं, माणसाचें म्हणणें ऐकून घेण्याच्या अगोदर त्यास दोषी ठरवावें असें आपलें नियमशास्त्र सांगतें काय? आपण त्याचे शिष्य आहों, असें तो म्हणाला नाहीं. त्यानें केवळ न्यायाची बाजू धरली. पण तेवढ्यावरूनच सोबत्यांनीं त्यास, तोही गालीलकर झाला कीं काय, असा टोमणा मारला. ज्यानें एकदां सत्याच्या बाजूनें एक शब्द काढिला, त्याच्याकडे लोक संशयानें पाहूं लागतात. पण तो एक शब्द काढिल्यानें माणसाची जीभही थोडी मोकळी होते.

तिसऱ्यानें तो क्रूसापाशीं दिसतो. त्याच्याबरोबर अरिमथाईकर योसेफ आहे. हा श्रीमंत व न्यायसभेचा सभासद होता. भीतीमुळें तो गुप्तपणें शिष्य राहिला, असें योहान उघड सांगतो. आतां मात्र योसेफ धैर्य करून पिलातापुढें उभा राहिला व त्यानें प्रभूचें शरीर मागितलें. निकदेमानें गंधरस व अगरू ह्यांचें मिश्रण आणिलें. तें आजच्या वजनानें तीस किलोंहून अधिक भरेल. तें ओझें पदराखालीं लपवून आणण्यासारखें नव्हतें. शिवाय मृतदेहास शिवणाऱ्यास नियमशास्त्राप्रमाणें सात दिवस विटाळ होता (गणना १९:११). सण तोंडावर आलेला. सारें यरुशलेम सोंवळें होऊन सणाची तयारी करीत असतां शहरांतले हे दोन प्रतिष्ठित गृहस्थ एका गुन्हेगार ठरविलेल्या माणसाचें प्रेत हातांवर घेऊन चालले होते.

जे तीन वर्षें उघडपणें प्रभूमागें फिरले, त्यांतील बहुतेक त्या दिवशीं कोठें दिसत नाहींत. पेत्रानें तर एका दासीपुढें नाकारलें. आणि जे लपून होते ते बाहेर आले. तेव्हां जे आपणांस उघडे शिष्य म्हणवितात त्यांनीं गर्व करूं नये, आणि जे अजून भितात त्यांनीं आशा सोडूं नये.

परंतु ह्याच शुभवर्तमानांत दुसऱ्या कांहीं अधिकाऱ्यांची गोष्ट आहे (१२:४२, ४३). त्यांनींही विश्वास ठेविला होता. पण सभास्थानांतून घालवून देतील म्हणून ते बोलले नाहींत, आणि देवाकडील मानापेक्षां माणसांकडील मान त्यांस अधिक आवडला. त्यांचें पुढें काय झालें? शास्त्रांत त्यांचीं नांवेंही आलेलीं नाहींत. निकदेम रात्रीं आला, पण तो चालत राहिला. ते जेथें होते तेथेंच बसले. मनांत दडवून ठेविलेल्या विश्वासाचें भय हें आहे. बीं कणगींत जपून ठेविलें तर तें सुरक्षित राहातें खरें, पण दोन चार वर्षांनीं पेरावयास काढिलें तर तें उगवत नाहीं.

२. दिवा कोणासाठीं?

येथें कोणी म्हणेल, “पण प्रभूनेंच गुप्तपणें प्रार्थना करावयास सांगितलें आहे ना?” हा प्रश्न योग्य आहे. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत प्रभु शिष्यांस आपला प्रकाश लोकांपुढें पडूं द्यावयास सांगतो. आणि सहाव्या अध्यायांत दान, प्रार्थना व उपास हीं लोकांस दिसावीं म्हणून करूं नयेत, दार लावून घ्यावें, असें सांगतो. एकाच डोंगरावर, एकाच प्रवचनांत, हीं दोन वचनें आहेत. तीं एकमेकांशीं भांडत नाहींत.

घरांतील दिव्याचा विचार करा. संध्याकाळीं बाई कोनाड्यांत दिवा ठेवते, तो घरच्यांनीं दिव्याकडे पाहात बसावें म्हणून नव्हे. सुनेला चुलीवरची भाकर दिसावी, मुलाला पाटीवरचें अक्षर दिसावें, म्हाताऱ्याला उंबरा दिसावा, म्हणून ठेवते. दिवा दुसऱ्यांच्या उपयोगाचा आहे. जो चव्हाट्यावर उभा राहून प्रार्थना करितो, तो आपला दिवा लोकांच्या डोळ्यांपुढें नाचवितो. त्यानें कोणास वाट दिसत नाहीं, केवळ डोळे दिपतात. आणि जो भिऊन दिव्यावर पायली पालथी घालितो, त्याच्या घरचीं माणसें अंधारांत ठेंचाळतात. दोघांचीही चूक एकच, कीं दोघांनीं आपलाच विचार केला. एकानें आपल्या मानाचा, दुसऱ्यानें आपल्या भीतीचा.

म्हणून प्रत्येकानें आपणांस असें विचारावें: माझ्या ह्या बोलण्यानें किंवा ह्या मौनानें शेजाऱ्यास प्रकाश मिळतो काय? मिळत असेल तर तें दिवठणीवर ठेवावें. केवळ मला वाहवा मिळणार असेल तर खोलीचें दार लावावें.

हें आम्ही केवळ पुस्तकांतून शिकलों नाहीं. आमच्या एका चुकीनें तें आम्हांस शिकविलें. धर्मशिक्षण पुरें करून आम्ही नुकतेच सेवेस लागलों होतों. एकदां एस. टी. च्या गाडींतून जात असतां शेजारीं एक वृद्ध शेतकरी येऊन बसले. त्यांनीं सहज विचारिलें, “आपण काय करतां?” गाडी भरलेली होती, पुढच्या बांकावर चार तरुण मोठ्यानें थट्टामस्करी करीत होते. आम्हीं हळूच म्हटलें, “शिक्षक आहें.” तें अगदीं खोटें नव्हतें, कारण आम्ही रविवारीं मुलांस शिकवीत होतों. पण तें खरेंही नव्हतें. पांच सात मैल गेल्यावर त्या वृद्धांनीं सांगितलें कीं, त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच वर्षीं वारला. मग ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकलेले आहां. माणूस गेल्यावर पुढें काय, तें तुम्हांस ठाऊक असेल तर सांगा.” ज्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आम्ही चार वर्षें शिकलों, तो प्रश्न आमच्या मांडीशीं येऊन बसला होता, आणि आमच्या तोंडाला आम्हींच कुलूप लाविलें होतें. आम्ही कांहींतरी पुटपुटलों. त्यांचें गांव आलें. ते उतरून गेले. पुन्हां त्यांची भेट झाली नाहीं.

त्या दिवशीं आम्हांस समजलें कीं, विश्वास लपविल्यानें आपलें नुकसान होतें तें होतेंच, पण अधिक मोठें नुकसान शेजारीं बसलेल्याचें होतें. भुकेल्याच्या देखत शिदोरी लपविण्यासारखें तें आहे.

३. आपल्या मराठी मुलखांतील दोन गोष्टी

१८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा नांवाची एक मंडळी स्थापन झाली. मराठी व्याकरण रचणारे दादोबा पांडुरंग हे तिच्या संस्थापकांपैकीं होते. जातिभेद खोटा आहे, देव एकच आहे, असें ह्या विद्वान गृहस्थांस पटलें होतें. सभेंत येणाऱ्यास ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. पण हें सर्व बंद दाराआड चाले. बाहेर पडल्यावर जो तो आपल्या जातीच्या पंक्तीस बसे. जगांत बदल करण्यापुरती माणसें जमेपर्यंत गुप्त राहावें, असा त्यांचा विचार होता. पुढें १८६० सालीं सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं व सभासदांचीं नांवें उघड होण्याची भीति पडली. तेवढ्यानें ती सभा मोडली. त्यांच्या विचारांत पुष्कळ खरें होतें, आणि त्यांतील कांहीं जणांनीं पुढें १८६७ सालीं प्रार्थनासमाज उघडपणें स्थापन करण्यास हात लाविला, हें त्यांच्या नांवाला शोभणारें आहे. पण त्या पहिल्या सभेची गोष्ट आपणांस हें शिकविते कीं, जें सत्य अंधारांतच जगतें तें उजेडाच्या पहिल्या झोतासरशी मोडतें.

त्याच सभेंत कांहीं काळ एक तरुण होता. त्याचें नांव बाबा पदमनजी. १८३१ सालीं बेळगांवास जन्मलेला हा तरुण मिशनच्या शाळांत शिकला होता. ख्रिस्ताविषयीं मन वळलें, तरी घरच्यांची माया व जातीचें भय ह्यांमुळें तो पुष्कळ दिवस उंबऱ्यावर उभा राहिला. अखेर १८५४ सालीं त्यानें बेळगांवांत, म्हणजे जेथें त्याला लहानपणापासून सर्व ओळखत होते त्याच गांवीं, बाप्तिस्मा घेतला. पुढें १९०६ सालीं मरण येईपर्यंत त्यानें मराठींत पुस्तकांमागून पुस्तकें लिहिलीं. १८५७ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या दुःखाविषयीं आहे. ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रांत त्यानें आपली भीति व डळमळ लपविलेली नाहीं. जो एके काळीं बंद दाराआड पाव खात होता, त्याच्या हातून हें सारें घडलें. दार उघडल्यावांचून तें घडलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. ह्या शाळेंत कोणाच्या धर्मांत ढवळाढवळ करावयाची नाहीं, असें वचन होतें, आणि रमाबाईंनीं वर्गांत धर्म शिकविला नाहीं. पण आपली रोजची प्रार्थना त्या आपल्या खोलींत करीत, आणि खोलीचें दार लावून घेत नसत. हळूहळू कांहीं मुली आपखुषीनें येऊन बसूं लागल्या. शहरांत गवगवा झाला. सल्लागार मंडळांतील थोर गृहस्थांस वाटलें कीं वचन मोडलें. मुली लहान व दुसऱ्यांच्या विश्वासावर सोंपविलेल्या, ही त्यांची काळजी अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. १८९३ सालीं त्यांनीं राजीनामे दिले व पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. एक दार लावून घेतलें असतें तर हें संकट टळलें असतें. पण रमाबाईंचें म्हणणें असें कीं, इतर मुलींस आपल्या खोलींत आपापल्या धर्माप्रमाणें वागण्याची जशी मोकळीक आहे, तशीच मलाही असावी. त्यांनीं कोणास ओढून आणिलें नाहीं. आणि कोणी यावें म्हणून नव्हे, तर चोरून प्रार्थना करणें त्यांस जमेना म्हणून दार उघडें ठेविलें.

उघड विश्वासाची खूण हीच आहे. तो दुसऱ्याच्या दारावर धक्के मारीत नाहीं. आपलें दार मात्र लावीत नाहीं.

४. परक्या घरांतील मुलगी

आतां टोळींतल्या त्या बंधूकडे वळूं. रमाबाईंस आपली खोली तरी होती. ज्याला ना खोली, ना दार, त्यानें काय करावें? त्याच्यासाठीं आम्हांस २ राजे ह्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांतील मुलगी दिसते. अरामी टोळ्यांनीं तिला इस्राएल देशांतून धरून नेलें होतें. नामान सेनापतीच्या बायकोची ती दासी. तिचें नांव लिहिलेलें नाहीं. तिला शब्बाथ पाळतां येत होता काय? मंदिर कोठून असणार? ज्या माणसाच्या सैन्यानें तिला आईबापांपासून तोडलें, त्याच्या घरीं ती राबत होती.

पण त्या माणसास कोड आहे, हें पाहून तिला कींव आली. ती बाईसाहेबांस म्हणाली कीं, धनी शोमरोनांतील संदेष्ट्याकडे जातील तर बरे होतील. तिची साक्ष एवढीच. एक वाक्य. तिनें वाद घातला नाहीं, अरामाच्या देवांची निंदा केली नाहीं. पण हें वाक्य घरांत ऐकलें गेलें, राजापर्यंत पोंहोंचलें, आणि त्यावर विश्वास ठेवून सेनापति प्रवासास निघाला. असें कां झालें असावें? एका बटकीच्या शब्दावर भरंवसा ठेवावयास घरच्यांनीं आधीं तिचें काम व तिचें वागणें पाहिलें असलें पाहिजे. जी पाणी भरतांना कुचराई करिते, खोटें बोलते, तिच्या सांगण्यावरून कोणी बैल जुंपीत नाहीं.

तेव्हां विश्वास पहिल्यानें हातांतून दिसावा, मग तोंडांतून. फडांत काम करणाऱ्यांस ठाऊक आहे कीं, उसाच्या बुडाशीं साखर अधिक असते, म्हणून कोयता जमिनीसरसा चालवावा लागतो. कंबर मोडते, म्हणून घाईनें वरून तोडून खोडवें उंच सोडण्याचा मोह होतो. मोळी तर तेवढीच दिसते. मालक बांधावर नसतां जो बुडापासून ऊस तोडितो, त्यानें तोंड न उघडतां एक पाठ शिकविला. शेतकऱ्याची गरज पाहून खुशालीच्या नांवाखालीं पैसे उकळण्यांत जो वांटा घेत नाहीं, हिशेबाच्या दिवशीं जो दारूच्या बैठकींतून उठून कोपीकडे जातो, जो बायकोवर हात टाकीत नाहीं, त्याच्याविषयीं आज ना उद्यां कोणीतरी विचारील कीं, हा असा कां?

येथपर्यंत आल्यावर पुष्कळ ख्रिस्ती लोक थांबतात. ते म्हणतात, “आमचें वागणें चांगलें आहे, तेंच पुरे.” बंधूंनो, तें पुरत नाहीं. त्या दासीनें चांगलें काम करून गप्प बसावयाचें ठरविलें असतें तर नामान कोडांतच मेला असता. कोणी कारण विचारिलें असतां तें सौम्यतेनें व आदरानें सांगावयास तयार असावें, असें पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत (३:१५) शिकवितो. विचारल्यावरही आपण कारण दडवूं, तर लोक म्हणतील, “स्वभावानेंच भला माणूस आहे,” आणि जो मान ख्रिस्ताचा, तो आपल्या पदरांत पडेल. ती चोरीच नव्हे काय?

५. कठीण ठिकाणें

कांहीं ठिकाणें अशीं आहेत कीं तेथें एका वाक्यांत उत्तर देतां येत नाहीं. आम्ही दोनच घेतों.

ज्या बहिणीचा नवरा विश्वासांत नाहीं, तिला रविवारीं घराबाहेर पडूं देत नाहींत, तिच्यावर मंडळीनें अधिक ओझें घालूं नये. पेत्रानें अशा स्त्रियांस सांगितलें आहे कीं, न बोलतांही त्यांच्या आचरणानें पति जिंकले जातील (१ पेत्र ३:१, २). नामानाची गोष्टही पाहा. बरा झाल्यावर त्यानें इस्राएलाच्या देवासाठीं वेदी बांधावी म्हणून दोन खेंचरांच्या ओझ्याइतकी माती मागून घेतली. दिमिष्कांत ती वेदी सर्वांस दिसणार होती. पण राजा त्याच्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळांत जाईल तेव्हां आपणांसही वांकावें लागेल, ह्याबद्दल त्यानें क्षमा मागितली. अलीशानें त्यास दटावलें नाहीं. शांतीनें निरोप दिला. ज्यानें आपली अडचण देवाच्या सेवकापुढें उघडी करून मांडली, त्याच्याशीं देव सौम्यतेनें वागतो.

दुसरें ठिकाण दाखल्याचें. ह्याविषयीं व्यासपीठावरून फारसें बोललें जात नाहीं, म्हणून आम्ही बोलतों. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींची यादी ठरली, आणि त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानें हिंदु धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्यांस त्या यादींतून वगळलें. पुढें १९५६ सालीं शीखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती लोकांचा झाला नाहीं. गांवाचा जातिभेद मात्र बाप्तिस्मा पाहून थांबत नाहीं. ज्या घराला बाप्तिस्म्याआधीं पाणवठ्यावर दूर उभें करीत, त्याच घराला बाप्तिस्म्यानंतरही दूर उभें केलेलें आम्हीं पाहिलें आहे. मग मुलाची शिष्यवृत्ति, मुलीचें वसतिगृह, नोकरी, ह्यांसाठीं कागदावर एक नांव व मंडळीच्या नोंदवहींत दुसरें, असें कित्येक घरीं चालतें.

आम्हांस हा नियम न्यायाचा वाटत नाहीं. ख्रिस्ती लोकांनीं त्याविरुद्ध न्यायालयांत उघडपणें दाद मागितली आहे, आणि तो मार्ग योग्य आहे. पण खोटें नांव लिहिणें हा त्यावर उपाय नव्हे. जो आपल्या मुलासमोर एका कागदावर प्रभूचें नांव पुसतो, तो त्या मुलास कळत नकळत असें शिकवितो कीं, हें नांव लाभ असेल तेथें घ्यावें व तोटा असेल तेथें सोडावें.

हें लिहितांना आमचा हात जड होतो, कारण आमच्या मुलांच्या शिक्षणाची सोय झालेली आहे. म्हणून जितक्या जोरानें आम्ही त्या गरीब बापाशीं बोलतों, तितक्याच जोरानें मंडळीशींही बोललें पाहिजे. जो खरें बोलला व ज्यानें त्यापायीं शिष्यवृत्ति गमावली, त्याची फी कोण भरणार? बाप्तिस्म्याच्या दिवशीं टाळ्या वाजवून, दुसऱ्या दिवशीं त्यास एकट्यास गांवापुढें सोडून देणारी मंडळी ही स्वतःच लपलेली मंडळी आहे. प्रत्येक मंडळीनें सुगीच्या उपकारस्तुतीच्या दानांतून कांहीं भाग अशा घरांसाठीं वेगळा ठेवावा. सत्याची किंमत सर्वांनीं वांटून घ्यावी. आणि ज्याचें धैर्य अद्याप झालें नाहीं, त्यास बाहेर घालवूं नये. निकदेमाजवळ प्रभु बसला तसें त्याच्याजवळ बसावें. मात्र ‘ह्यांत कांहीं वाईट नाहीं’ असें सांगून त्यास निजवूंही नये.

६. त्या बंधूस दिलेलें उत्तर

उपदेशक परत गेले व टोळी निघावयाच्या आदल्या रात्रीं त्यांनीं त्या बंधूस तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : रविवारीं सुटी घेतां येत नसेल, खाडा पडत असेल, तर त्याबद्दल मन खाऊं नये, पण कोपींत संध्याकाळीं भाकरीपूर्वीं बायकोमुलांसह डोळे मिटून उपकार मानावे, आणि कोणी पाहात आहे म्हणून ते उपकार घाईनें उरकूं नयेत. दुसरी : ऊस बुडापासून तोडावा. तिसरी : कोणी विचारिलें तर खरें सांगावें, न विचारतां कोणाशीं वाद काढूं नये.

उन्हाळ्यांत टोळी परत आली तेव्हां त्या बंधूनें जें सांगितलें तें उपदेशकांनीं आम्हांस कळविलें. पहिले आठ दिवस थट्टा झाली. दोन घरांनीं त्याच्या घागरीचें पाणी घेणें सोडलें, तें शेवटपर्यंत सोडलेलेंच राहिलें. मग एका रात्रीं शेजारच्या कोपींतील बाई तापानें फणफणलेलें मूल घेऊन आली व म्हणाली, “तुम्ही कोणाला हात जोडतां, त्याला सांगा.” त्यानें प्रार्थना केली. पण मूल बरें होईलच असें वचन दिलें नाहीं. पहांटे स्वतः त्या मुलास खांद्यावर घेऊन सरकारी दवाखान्यांत नेलें. त्याचा त्या दिवशींचा खाडा पडला. औषधानें मुलाचा ताप उतरला. त्या बाईनें पुढें एकदां विचारिलें कीं, हा तुमचा देव खाड्याचे पैसे भरून देतो काय? तो म्हणाला, “पैसे नाहीं दिले. पण जाण्याची बुद्धि त्यानें दिली.”

उपदेशकांनीं त्यास विचारिलें, “मग आतां कसें वाटतें?” तो म्हणाला, “मास्तर, मोळी वाहून मान दुखते ती दुखतेच. पण दोन नांवें वाहात होतों, त्यांतलें एक खालीं ठेविलें.”

ज्यांच्या डोक्यावर अजून दोन नांवांचा भार आहे अशा प्रत्येक बंधुभगिनीसाठीं, आणि त्यांत आम्ही स्वतःही आहों, ह्या आठवड्यांत मंडळींनीं प्रार्थना करावी.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. निकदेम तीन वेळां दिसतो. आपण आज त्यांपैकीं कोणत्या जागीं उभे आहों?

२. आपल्या गांवांत रात्रीं येणारा कोणी आहे काय? त्याच्याशीं आपण कसें वागतों?

३. आपलें काम पाहून शेजाऱ्यांनीं कधीं कांहीं विचारिलें आहे काय? त्या वेळीं आपण काय उत्तर दिलें?

४. खरें बोलल्यामुळें ज्याचें नुकसान झालें असें घर आपल्या मंडळींत आहे काय? त्या घरासाठीं ह्या सुगींत आपण काय बाजूला ठेवणार?